सात वाजताचा पुकारा

उंब्रजच्या बाजारपेठेत पिठाच्या गिरणीच्या पडवीत माझं एक टेबल होतं. त्याला मी दुकान म्हणायचो. रेडिओ, टेप, टीव्ही, काहीही आणा. गिरणी सुरू झाली की उघड्या पडलेल्या रेडिओंवर पीठ बसायचं आणि मी गिरणीवाल्याला शिव्या घालायचो. नव्वदीच्या मधली वर्षं. आयटीआय झालेलं, हाताला वळण चांगलं, आणि डोक्यात हवा गेलेली. जे यंत्र मला कळत नाही ते अजून तयारच झालेलं नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. ही घमेंड आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं वाटोळं तिनंच केलं.

आमचं गाव उंब्रजपासून आत, चालत तासाभरावर. घरी आई, वडील आणि मी. मोठा भाऊ, दादा, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वायरलेस ऑपरेटर होता आणि तिथंच राहायचा. आमच्या गावचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, म्हणून मारुतीच्या देवळाशेजारी कारखान्याचं गट ऑफिस होतं. तिथंही एक वायरलेस सेट होता. अशी पंधरा-वीस गट ऑफिसं. रोज सकाळी सात वाजता दादा मुख्य सेटवरून एकेका गटाचं नाव घ्यायचा आणि त्या गटानं सांगायचं, तोडीच्या टोळ्या किती, गाड्या किती, ऊस किती टन. याला सगळे पुकारा म्हणायचे.

वडील गेले ते भर हंगामात, दुपारी. बांधावर बसले ते उठलेच नाहीत. गावात तेव्हा फोन एकच, तोही बंद. गट ऑफिसच्या कारकुनानं वायरलेसवरून निरोप दिला आणि मुख्य सेटवर होता दादाच. आपल्याच बापाच्या मरणाचा निरोप त्यानं आपल्या हातानं वहीत लिहिला, नियमाप्रमाणं वेळ टाकून. पण त्या खुर्चीवरून उठता येत नाही, दुसरा ऑपरेटर येईतो. तो दुसरा ऑपरेटर त्याच्या गावाला गेलेला. कुणीतरी त्याला गाडीवर घालून आणलं तोवर अडीच तास गेले.

इकडं भावकीला घाई. दिवस मावळायच्या आत उरकायचं. अग्नी थोरल्यानं द्यायचा, पण थोरला नाही, मग धाकटा चालतो, असं एका चुलत्यानं सांगितलं आणि मडकं माझ्या खांद्यावर दिलं. मीही नाही म्हणालो नाही. दादा नदीवर पोचला तेव्हा चिता निम्मी जळाली होती. तिथून तो घरी आला. आई सोप्यात बसली होती, सगळी भावकी दारात. आई त्याला म्हणाली, "परक्याचा बाप मेल्यागत वहीत लिवलंस आन बसून ऱ्हायलास. जा, तितंच बस. ह्या घरात पाय ठिवू नगंस."

दादा आल्या पावली माघारी गेला. दहाव्याला आला नाही, तेराव्याला आला नाही. त्याची चूक नव्हती हे आईला महिन्याभरात कळलं होतं. मला तर त्या दिवशीच माहीत होतं. पण आमच्या घरात एकदा थुंकलेलं परत गिळायची चाल नाही. बाप तसाच होता, आई तशीच, आणि दादा दोघांच्या वरचढ.

मी गेलो होतो त्याला आणायला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यानं मला चहा पाजला, भजी खायला घातली, दुकानाची चौकशी केली. निघताना म्हणाला, "आईनं हाकललंय, आईनं बोलवावं. तुझं बोलावणं मला चालायचं न्हाई. तिच्या तोंडनं एक शबुद येऊ दे, हाय त्या कपड्यात येतो." मी घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

त्या वर्षी दिवाळीला मामेभाऊ मद्रासहून आला. आमच्या मामाचं गाव आटपाडीकडचं. तिकडची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, गलाई म्हणतात त्याला, हिंदुस्थानभर पसरलेली. त्यानं मला तिकडच्या बोटीवरून आलेल्या चोरट्या मालाच्या बाजारातून एक हातात मावेल एवढं यंत्र आणलं होतं. काळं, वर रबरी एरियल, खाली आकड्यांची बटणं. विकणाऱ्यानं त्याला वॉकीटॉकी म्हणून दिलं होतं. ते वॉकीटॉकी नव्हतं, स्कॅनर होतं. त्यातून बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. साध्या रेडिओवर आपण एक स्टेशन लावून बसतो. स्कॅनर स्वतःच एकामागून एक जागा चाचपत जातो आणि जिथं कुणी बोलताना सापडेल तिथं थांबतो. असलं यंत्र बाळगायला परवाना लागतो हे मला फार पुढं कळलं. कळलं असतं तरी मी थांबलो नसतो.

सोबत इंग्रजी पुस्तिका होती. शब्दकोश उशाला घेऊन मी ती आठवडाभर वाचली. पहिले दोन दिवस नुसता खर्रर्र आवाज. मग कळलं, स्क्वेल्च नावाचं एक बटण आहे, ते खरखर जिथं नेमकी थांबते तिथवरच फिरवायचं. त्याच्या पुढं गेलं की लांबचा माणूसही खरखरीबरोबर कापला जातो. हे एवढं साधं, पण मी ते शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं आणि यंत्रालाच नावं ठेवत होतो. मग छपरावर बांबू उभा केला, त्याला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं एरियल केलं. मग शोधायला लावलं, एकशे चाळीस मेगाहर्ट्झपासून वर, पायरी पायरीनं. पहिल्यांदा पोलीस लागले.  लॉकआउट म्हणून एक बटण असतं, नको ती जागा वगळायची, ते दाबून टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी यंत्र एका आकड्यावर थांबलं आणि आत दादा बोलायला लागला.

"सगळ्या गटांना नमस्कार. पुकारा घेतोय."

आई चुलीपुढं होती. भाकरी तव्यावर तशीच टाकून आली, हाताला पीठ. आम्ही दोघं उभ्यानं ऐकत राहिलो. लांबच्या गटांची उत्तरं येत नव्हती, नुसता दादाचा आवाज आणि मधे मधे शांतता. आमच्या गावच्या गटाचं तेवढं मोठ्यानं ऐकू आलं. सगळे गट झाल्यावर दादा म्हणाला, "आणखी कुणाचा काही निरोप?" मग थोडा वेळ गेला. "बाकी निरंक. आउट."

दुसऱ्या दिवशी आई सातच्या आधीच हात धुऊन येऊन बसली. पुकारा झाला. दादा म्हणाला, "आणखी कुणाचा काही निरोप?" आईनं माझ्या हातातून यंत्र घेतलं, तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "जेवलास का रं?"

तिचं तरी काय चुकलं. कारखान्याचा स्लीपबॉय, कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याची चिठ्ठी देणारा, आमच्या दारात उभा राहून अगदी अशाच दिसणाऱ्या काळ्या यंत्रावर बोलायचा. तिनं तसंच धरलं होतं. तिकडून दादा म्हणाला, "बाकी निरंक. आउट."

आईनं माझ्याकडं बघितलं. "गेलं आसंल न्हवं?"

मी म्हणालो, "गेलं असेल."

हे दोन शब्द मी का बोललो, यावर मी इतक्या वेळा विचार केलाय की आता त्याचाही कंटाळा आलाय. तिचं तोंड बघवलं नाही, हे खरं. वर्षभरात ती दादाशी पहिल्यांदा काही बोलली होती. पण निम्मं खरं वेगळं आहे. माझ्या यंत्राला काहीतरी येत नाही, हे मला माझ्या तोंडानं सांगायचं नव्हतं. गावात सगळ्यांना फुशारकी मारून झाली होती. उद्या सांगू म्हणालो.

उद्या ती म्हणाली, "बरा हायस का?" परवा म्हणाली, "थंडी लय पडलीया, कान बांधून जात जा." आणि आठवड्यानं, दादानं निरोप विचारल्यावर जी शांतता पडते तिच्यात, तिनं डोळे मिटून सांगितलं, "चुकलं माझं. घरी ये." मी शेजारी बसलो होतो. दादा म्हणाला, "बाकी निरंक."

"निरंक म्हंजी काय रं?" आईनं विचारलं.

"म्हणजे काही नाही."

"व्हय," ती म्हणाली आणि उठून चुलीकडं गेली.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या दिवशी सांगितलं असतं तर तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि पोस्टकार्ड लिहायला बसवलं असतं. मी तोंड उघडलंही. "आई, हे यंत्र कसं असतं, बघ..." एवढ्यात कुणीतरी दूध घालायला बोलवायला आलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर दिवस जातील तसं अवघडच होत गेलं. चार दिवसांचं खोटं हसण्यावारी नेता येतं. चार महिन्यांचं कसं न्यायचं?

हंगाम संपला की पुकारा फक्त सोमवारी. मग आई सोमवारची वाट बघायची. पुढचा हंगाम आला, पुन्हा रोज. तिनं एकही सकाळ चुकवली नाही. शेजारची काकी तिला म्हणाली, पोराला सांगावा तरी धाड की. आई म्हणाली, "रोज तोंडानं सांगतीया. त्योच बोलत न्हाई. दगूड झालाय." मी म्हणालो, कार्ड लिहूया एक. ती म्हणाली, "कागदावर काय येगळं लिवणार हायस?"

मधे एकदा मी पुन्हा कारखान्यावर गेलो. दादा वाळला होता. त्यानं पहिलं हेच विचारलं, "आई काय म्हणाली?" मी म्हणालो, "बोलवती तुला. रोज बोलवती." तो हसला. "तुला सांगती. मला कुठं सांगती?" मी भज्यांकडं बघत राहिलो. काय सांगणार होतो? की आपली आई रोज सकाळी एका मुक्या डब्यापुढं हात जोडती आणि मी शेजारी बसून बघतो? तो ऑपरेटर माणूस, त्याला एका वाक्यात सगळं कळलं असतं, आणि त्यानं मला तिथंच कॅन्टीनमध्ये तुडवला असता. तुडवला असता तर बरं झालं असतं. मी चहा पिऊन आलो.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर पुकारा बंद पडला. सात वाजले, सव्वासात झाले, नुसती खरखर. स्लीपबॉयला विचारलं तर तो म्हणाला, नवीन ट्रंकिंग सिस्टीम आलीया, डोंगरावर टॉवर उभा केलाय, आता गाडीगाडीत सेट. कारखान्याबरोबर एका दूध संघाच्या गाड्याही त्याच टॉवरवर.

ट्रंकिंग हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. साताऱ्याला एक निवृत्त सिग्नलवाले सुभेदार होते, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी एसटी स्टँडचा दाखला देऊन समजावलं. पूर्वी प्रत्येक गाडीचा फलाट ठरलेला. तुम्ही त्या फलाटावर उभं राहिलात की गाडी मिळाली. आता पाच फलाट सगळ्यांचे मिळून. जो मोकळा असेल तिथं गाडी लागते आणि कंट्रोलर आत माईकवरून सांगतो कुठं लागली ते. बोलणाऱ्यांच्या सेटला ही सूचना ऐकू येते, ते आपोआप तिथं जातात. "तुझ्या स्कॅनरला ती सूचना कळत नाही," सुभेदार म्हणाले. "तू पाचही फलाटांवर पळत राहायचं. तेही समजणारे स्कॅनर निघालेत म्हणे, अमेरिकेत."

अमेरिका कुठली! आमच्याकडं होतं ते हेच. पुन्हा शोधायला लावलं, या वेळी चारशेच्या वरचा पट्टा. दहा दिवसांत पाच जागा सापडल्या. त्यातली एक सारखी टर्रर्र करायची, ती कंट्रोलरची. ती वगळली, नाहीतर यंत्र तिथंच अडकून बसतं. उरलेल्या चारांवर सोडलं. मग जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. एकाचा प्रश्न या जागेवर, उत्तर दुसरीवर. "गाडी कुठं हाय?" एवढं ऐकू येतं न येतं तोच यंत्र उडी मारून दुधाच्या टँकरवर, तिथून वजनकाट्यावर. मी वही केली, वेळ लिहायची, आवाज ओळखायचा, हा ड्रायव्हर, हा शीतकरण केंद्रावरचा. दादा कुठं सापडेना.

आई आता पूर्वीसारखी थोड्या वेळात उठून जायची नाही. दहा-अकरापर्यंत बसून राहायची. एखादा आवाज जरा तसा वाटला की यंत्र उचलायची, आणि तोंडाशी नेईपर्यंत ते दुसरीकडं उडालेलं. मला हे ट्रंकिंग तिला सांगता येईना. सांगितलं थोडंफार, की बोलणं आता एका जागी राहत नाही, ते सारखं जागा बदलतं. तिनं ऐकून घेतलं. दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी यंत्र माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "त्यो मला चुकवतोय."

"तसं नाही गं आई."

"आसंच हाय. मी बोलाय लागली की त्यो दुसरीकडं पळतोय. इतकी नकोशी झाली का रं मी त्याला?"

मी आयुष्यात कुणाला मारलं नाही. त्या वेळी स्वतःला मारावंसं वाटलं. मी तसाच उठलो, दुकान उघडलं नाही, एसटी धरली आणि कारखान्यावर गेलो. आज दादाचे पाय धरायचे, सगळं ओकायचं आणि त्याला घेऊनच यायचं, असं ठरवून गेलो.

वायरलेसच्या खोलीत दादाची खुर्ची नव्हती. दुसरा ऑपरेटर, त्या दिवशी अडीच तास उशिरा आलेला तोच, आता टाइम ऑफिसात बसत होता. त्यानं मला बाहेर झाडाखाली नेलं. म्हणाला, नवीन यंत्रणेत मुख्य ऑपरेटर लागत नाही, ज्याला ज्याच्याशी बोलायचं तो परस्पर बोलतो. दादाला वजनकाट्यावर घालत होते. त्यानं राजीनामा दिला. दसऱ्याला गेला, आटपाडीकडची काही गलाई माणसं उत्तरेत कुठं तरी चालली होती त्यांच्याबरोबर. पत्ता ठेवला नाही.

म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच तो गेला होता. आम्ही सहा आठवडे चार फलाटांवर ज्याला हुडकत होतो, तो कुठल्याच गाडीत नव्हता.

"मामांकडं कळंल," मी म्हणालो.

"बघ विचारून," तो म्हणाला.  "एक सांगू का? तुमची आई लय कडक हाय राव. एवढी दोन-अडीच वरसं त्यो रोज पुकाऱ्याच्या शेवटी इचारायचा, कुणाचा निरोप हाय का म्हणून. कारखान्याच्या नियमात न्हाई त्ये. पुकारा झाला की आउट म्हणायचं, संपलं. आमी हसायचो त्याला. मी एकदा इचारलं, कुणासाठी थांबतोस रं? तर म्हणला, आमच्या गावच्या गट हापिसात सेट हाय. आई तिथवर आली तर तिला बोलाय जागा नको का?"

मी झाडाला टेकून खाली बसलो. गट ऑफिस आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथला कारकून रोज सातला सेटपुढं बसलेला असायचा, त्याचा आवाज आम्हाला घरात खणखणीत ऐकू यायचा. आईला हाताला धरून तिथं नेणं मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण तिथं का जायचं, इथून का नाही, हे तिला सांगावं लागलं असतं.

मामांकडं विचारलं. गलाईवाल्यांतलं कुणी म्हणालं गुवाहाटी, कुणी म्हणालं नाही, त्याच्याही पुढं. दोन पत्रं टाकली, दोन्ही परत आली.

आईला मी कारखान्यावरून आलो त्याच संध्याकाळी सांगितलं. सगळं, एका दमात. दादा कारखाना सोडून गेलाय, जाईतो गट ऑफिसच्या सेटवर तिची वाट बघत होता, यंत्रातून बोलता येत नाही, कधीच येत नव्हतं, आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती रागावेल, छाती बडवेल, मला घरातून हाकलेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हंजी मी बोलीवलंच न्हाई त्याला."  मग तिनं विचारलं, "गट हापिसातनं बोलली आस्ती तर गेलं आस्तं?"

"गेलं असतं."

सकाळी मी उठलो तेव्हा ती अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी होती. म्हणाली, चल. मी म्हणालो, आई, आता तो तिथं नाही. ती चालू लागली होती. गट ऑफिसच्या कारकुनानं खुर्ची दिली. त्याला काय कळलं, किती कळलं, देव जाणे, पण बिचाऱ्यानं काही विचारलं नाही. नवा सेट होता. त्यानं बटण दाबून माइक आईच्या हातात दिला आणि म्हणाला, "बोला, आक्का. आता जातंय."

आईनं माइक तोंडाशी धरला. इतकी वर्षं त्या डब्यापुढं ती धडाधडा बोलायची. आता तिला शब्द फुटेना. कारकुनानं बटण सोडलं. लगेच तिकडून आवाज आला, स्वच्छ, जवळून आल्यासारखा, कुठल्या तरी टँकरच्या ड्रायव्हरचा.

"हां, बोला. कोण बोलतंय? ऐकतोय मी."

आईनं माइक दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. "ह्यो न्हवं," ती म्हणाली.